रेंजची पिशवी

धाकलूला आमच्या गावात 'धाकलूशेठ' म्हणायचे ते चिडवायला. शेठपणाचं त्याच्याकडे काही नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने माथेरानला हातरिक्षा ओढली. गुडघे गेले तेव्हा खाली गावात आला आणि बायको वारल्यावर एकटाच राहिला. मूलबाळ नाही. पण कुणाच्या हातात ओझं दिसलं की त्याला राहवायचं नाही. माझ्या गिरणीवर आलेल्या बाईचा दळणाचा डबा हा स्वतः उचलून तिच्या दारात पोचवायचा आणि वर तिलाच सुनावायचा, "एवढं दळान कशाला गं, घरात लगीन हाय का?" तोंडाने फटकळ होता, म्हणूनच आमचं पटायचं.

आमचं गाव हमरस्त्यावरच्या चौक गावापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. डोंगर इतका अंगावर आलेला की मोबाइलची रेंज गावात उतरतच नाही. ती मिळते टेपाडावर, आणि टेपाडाला जायचं तर मधला ओहोळ ओलांडून चढावं लागतं. तरणी माणसं साजगावच्या कारखान्यांत नाहीतर माथेरानच्या हॉटेलांत कामाला, ती येतात दिवेलागणीला. दिवसभर गावात उरतो आम्ही म्हातारे.

अशा गावात नम्रता ॲप घेऊन आली. नम्रता म्हणजे शेजारच्या हिरूची नात, पनवेलच्या एका कंपनीत नुकती लागलेली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी कंपनी हे ॲप बनवत होती. रोज सकाळी हिरवं बटण दाबायचं, म्हणजे मी बरी आहे. लाल दाबलं तर मदत हवी. काहीच दाबलं नाही, तर ऑफिसातून चौकशी व्हायची. दिवाळीला ॲप बाजारात येणार होतं आणि तोवर ते खऱ्या माणसांनी वापरून बघायचं होतं, फुकट, आपखुशीने. ती माणसं टिकवून धरणं हे नम्रताचं काम. टिकली तर नोकरी पक्की, नाहीतर दिवाळीनंतर घरी.

सुरुवातीला आम्ही हौसेने टेपाड चढलो. मग ज्याचे त्याचे गुडघे बोलायला लागले. नम्रताने फुलांची चित्रं पाठवली, पण ती बघायलासुद्धा टेपाडच चढावं लागायचं. तिने स्टीलच्या डब्याची सोडत काढली. डबा मला लागला. मी तो घेतला आणि दुसऱ्या दिवशी घरीच बसले. खोपोलीकडच्या गावांतली माणसंही अशीच गळत होती. एका रविवारी पोर माझ्या गिरणीच्या ओट्यावर येऊन मुसमुसायला लागली. धाकलू तिथंच सुपारी कातरत बसला होता.

"रडतीस कशाला? मानसं नाय तर नाय, फोन तर वर जातील," तो म्हणाला. "मी नेतो सगळ्यांचे. मीच दाबतो."

तिने डोळे पुसले आणि होकाराची मान हलवली. नको म्हणायचं ते तिने तिथंच म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून धाकलू खताच्या गोणीची शिवलेली पिशवी घेऊन दारोदार फिरायला लागला. सगळे फोन सारखेच दिसतात म्हणून प्रत्येकाला त्याने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. पण नुसता फोन दारात ठेवलेला त्याला चालत नसे. माणूस बाहेर यायला हवा. "तोंड दाव, मग दाबतो," असं म्हणायचा. मी एकदा आतूनच ओरडले, की घे खुंटीवरचा फोन, तर म्हणाला, "वयनी, खोटं बटन मी दाबनार नाय." गौराबाई एकदा तापाने फणफणली होती आणि कुणाला सांगत नव्हती. धाकलूने तिचं तोंड बघितलं आणि वर जाऊन लाल दाबलं. नम्रताने फोनाफोनी केली, नर्स आली, गौराबाई वाचली. खरं बघायला गेलं तर आमचं ॲप तोच होता.

हे नम्रताला ठाऊक होतं. ऑफिसात तिने कुणाला सांगितलं नाही. तिथं आमचं गाव रोज हिरवंगार दिसायचं. तिचा साहेब ऋषिकेश बाकीच्यांना दाखवायचा, की माणसं कशी टिकवावीत ते हिच्याकडून शिका.

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. ओहोळाच्या दगडांवर शेवाळ होतं. धाकलू नेहमीसारखा फोन घेऊन गेला, जाताना मला म्हणाला, "वयनी, आज तोंड सुजल्यालं दिसतंय." मी दोन शब्द सुनावले. दुपार झाली तरी तो आला नाही. लहर आली की तो टेपाडावरून परस्पर चौकला जायचा, ढाब्यावर चहा पीत बसायचा, म्हणून आम्ही काळजी केली नाही. फोन नाही म्हणून मी त्याला शिव्या मात्र घातल्या. त्या आता परत घेता येत नाहीत.

तिकडे पनवेलला सकाळीच आमचं सगळं गाव गप्प झालेलं दिसलं. कुणाचंच हिरवं नाही. ऋषिकेश म्हणाला, "एखादा असता तर गोष्ट वेगळी. सगळेच एकदम म्हणजे आपल्याच सिस्टिमचा घोळ." तांत्रिक माणसं सिस्टिम उघडून बसली. नम्रताने आमचे फोन लावले. एरवी या वेळी ते टेपाडावर असायचे, आज एकही लागेना. तेव्हाच तिला कळलं. एकच वाक्य बोलायचं होतं, की सगळे फोन एकाच माणसाकडे असतात, त्यालाच शोधा. पण ते बोललं की महिनोन्‌महिन्यांचं हिरवं खोटं ठरणार, आणि नोकरी जाणार. काका पोचतील एवढ्यात, असं म्हणत ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली. मग चहापर्यंत. ऊन कलल्यावर तिने साजगावला कामावर असलेल्या चुलतभावाला, धनेशला फोन केला.

धनेश मोटरसायकलने आला, सोबत दोघंतिघं होते. धाकलू ओहोळात सापडला. खुब्याचं हाड मोडलं होतं, सकाळपासून तो तिथंच पडून होता, पण जिवंत होता. त्याच्या हाताशी कातळावर आमचे फोन ओळीने मांडलेले होते. ओहोळात रेंज नाही. तरी त्याने एकेक फोन घेऊन लाल बटण दाबलं होतं. माझा निळ्या दोऱ्याचा पहिला होता.

त्याला झोळीत घालून टेपाडावरून रस्त्याला न्यायचं ठरलं. पिशवी धनेशच्या खांद्याला होती. टेपाडावर पाऊल पडलं आणि पिशवीतले सगळे फोन वाजायला लागले. अडकून राहिलेले निरोप एकदम सुटले. पनवेलला नम्रताच्या समोर आमची नावं लाल झाली. हिरूला मदत हवी. गौराबाईला मदत हवी. विमलबाईला, म्हणजे मला, मदत हवी. आम्ही सगळे घरात धडधाकट बसलो होतो.

झोळीतून धाकलूने विचारलं, "गेला का रं निरोप?"

"गेला, काका," धनेश म्हणाला.

दवाखान्याकडे निघालेल्या टेंपोने चौक ओलांडायच्या आतच धाकलू गेला.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर ऋषिकेश भेटायला आला. बिचारा हळहळला, नाही असं नाही. पण जाता जाता म्हणाला, की रेंज नसली तरी आपलं ॲप निरोप राखून ठेवतं, हे सिद्ध झालं. मला इतका संताप आला की मी गिरण चालू केली, त्याचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू येऊ दिलं नाही.

तो गेल्यावर नम्रता माझ्या ओट्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, त्या दिवशी ती किती वेळ आणि कशासाठी गप्प बसली तेसुद्धा. तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. दिली नाही. तिचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी म्हणाली, "उद्यापासून तुम्ही कुणी बटणं दाबू नका. मी कंपनीला खरं काय ते सांगितलंय. मी नोकरी सोडते."

गौराबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आमच्या बटनांचं सोड. आमची तो दाबत व्हता. त्याचं कोन दाबत व्हतं गं?"



"काकांचा फोन साधा होता, आजी. त्यात ॲप चालत नव्हतं," नम्रता म्हणाली. "मी म्हटलं, त्यांना काय गरज. ते तर रोज सगळ्यांना भेटतात."