टॉर्पेडोवाल्या सर्जेरावची सोयरीक

पाणबुडीत महिना महिना कोपराला कोपर लावून राहिलं की किस्से साठणारच. निम्मे सांगायची परवानगी नसते, उरलेले बायको ऐकून घेत नाही. म्हणून हे तुम्हाला. सगळे सर्जेरावचे. तो तासगावचा, मी खंडाळ्याचा, दोघंही टॉर्पेडोच्या खोलीत. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं, आणि आईनं काळजीनं अंथरूण धरायचंच बाकी होतं.

*

पहिली मुलगी बघायला मीही गेलो होतो. पाणबुडीत साधा पाना पडला तरी शत्रूला ऐकू जातो, त्यामुळे हात आपोआप हळू होतात. सर्जेरावनं कप बशीत ठेवला, आवाज नाही. दार लावलं, आवाज नाही. बोलला ते शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोराला छातीचं काहीतरी दुखणं दिसतंय!

*

दुसरीचे वडील रिटायर्ड सुभेदार. त्यांनी विचारलं, पाण्याखाली सगळ्यात जोरात काय पळतं? सर्जेराव खुलला. रॉकेटवर चालणारा टॉर्पेडो म्हणे, स्वतःभोवती बुडबुडा करून ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. सुभेदार खूश.

"आन् तुमची बोट?"

"लपून जायचं असंल तर सायकलीएवढी."

"मग त्यो टॉर्पेडो तरी तुमच्याकडं हाय न्हवं?"

"न्हाई. रशियाचा हाय."

पोहे यायच्या आत बैठक मोडली.

*

तिसरी आष्ट्याची, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिनं एकच विचारलं, "एवढ्या जोरात पळाला तर आवाज होत असंल की?"

सर्जेराव बघतच राहिला. "लय होतो. म्हणून तर आमी हळू जातो."

बाहेर आल्यावर म्हणाला, गड्या, हीच. पण लगेच होकार दिला तर पोरगा उतावळा वाटेल, म्हणून आईनं चार दिवस थांबवलं. मुलीचे वडील रोखठोक. आठ दिवसांत मुलानं स्वतः फोन करून सांगायचं, नाहीतर मिरजेचं स्थळ तयार आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्हाला हुकूम आला. मोबाईल जमा झाले आणि बोट पाण्याखाली गेली. कुठं, किती दिवस, घरीही सांगता येत नाही. आठवा दिवस पाण्याखालीच उलटला, तरी सर्जेराव महिनाभर दिवस मोजत बसला. मला त्याची फार दया आली, पण करणार काय!

वर आलो, मोबाईल हातात पडले. तिचा एकच मेसेज होता, आठव्या दिवशीचा. सर्जेरावनं तो मलाच वाचायला लावला.

"तुमचा फोन येऊन गेला, होकार आहे, असं बाबांना सांगितलंय. हॉल ठरलाय. नको असेल तर वर आल्यावर तुम्हीच येऊन सांगा."