डार्करूमच्या दारातला कूलर

नाना गेले तेव्हा घरातला एकुलता एक कूलर हार्ड डिस्ककडे तोंड करून चालू होता.

आज वर्ष झालं. वर्षभर मी ही गोष्ट अर्धीच सांगितली. आज पूर्ण सांगते.

नाना म्हणजे माझे वडील. भडगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं त्यांनीच काढलेलं.

आमच्याकडे कुणी गेलं की गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, आधी घरचे लोक नानांकडे यायचे. फ्रेमला फोटो हवा असायचा. बऱ्याच बायाबापड्यांचा आयुष्यातला एकच धड फोटो असायचा, आणि तो नानांच्या कपाटात.

रिटायर झाल्यावर त्यांनी सगळ्या निगेटिव्ह स्वतः स्कॅन केल्या. तीन वर्षं लागली. मी पुण्याहून एक छोटा होम सर्व्हर आणून घरातल्या डार्करूममध्ये लावून दिला. म्हटलं, स्कॅन ठेवलेल्या जुन्या डिस्कवरचं सगळं यात कॉपी करा, म्हणजे कायमचं सेफ.

लावून दिला आणि पुण्याला परत आले. पुढचं फोनवर बघू म्हटलं.

मी सपोर्टमध्ये काम करते. दिवसभर लोकांचे सर्व्हर सरळ करते. हे लक्षात ठेवा.

मे महिन्यात नानांचा फोन आला. आई तेव्हा ताईच्या बाळंतपणाला शिरपूरला गेली होती. नाना घरी एकटे.

"माय, कॉपी व्हतच नही. नऊ दिन बाकी दखाडस."

"होईल नाना."

"जुनी डिस्क कटकट आवाज करस. कॉपी व्हवाना पहिले ती मरी जाई. बठ्ठा गावना मानसे शेतस त्यामां."

अख्ख्या गावाची माणसं त्या डिस्कमध्ये होती, आणि माझी मीटिंग चालू होती. तिकडे मी म्यूटवर होते.

म्हटलं, "उन्हाळा आहे ना, डिस्क तापत असेल. तापली की स्लो होते. थंड ठेवा तिला."

"कितली थंड?"

"जितकी ठेवता येईल तितकी."

दुसऱ्या दिवशी परत फोन. आवाज खूश होता.

"आते हात लावा तं गार लागस."

"आणि स्पीड?"

"तितलाच शे."

"मग होऊ द्या हळूहळू. फक्त मध्ये काही बंद करू नका."

"तू सांगशी तसं."

गार कशाने केली, हे मी विचारलं नाही.

ऑफिसात एखाद्या कस्टमरने स्लो म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. डिस्क कशाला जोडली आहे? फोटो काढून पाठवा. त्याशिवाय मी तोंड उघडत नाही. पगार त्याचाच मिळतो.

बापाला मात्र मी अंदाज सांगितला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या अक्का नेहमीप्रमाणे भाकरी घेऊन गेल्या. त्यांनीच आधी पाहिलं. मी पोचले तेव्हा त्या ओट्यावर बसून होत्या.

"कूलरनं तोंड आत व्हतं, पोरी. डार्करूमना दारमां. तुना बाप भाईर भितले टेकीसन बठेल व्हता."

बाहेरच्या खोलीला पत्रे आहेत. मे महिन्यात भडगावात पत्र्याखाली दुपारी काय होतं, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

मी म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?"

"काल बोलनू तं मी. म्हने पोरनी सांगेल शे, बंद करानं नही."

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. शिवाय वय, बीपी. लोक म्हणाले, चालता-बोलता गेले, पुण्यवान माणूस.

नाना गेल्याच्या चौथ्या दिवशी मी डार्करूममध्ये गेले. कॉपी चालूच होती. एकसष्ट टक्के.

सर्व्हरच्या मागे वाकून बघितलं. जुन्या डिस्कची वायर थेट सर्व्हरला नव्हतीच. ती एका हबला होती, एका वायरच्या चार करणारा तो डबा. स्टुडिओतला, वीस वर्षांपूर्वीचा. नानांनी आयुष्यात कुठलीच वस्तू भंगारात टाकली नाही. सर्व्हरला हबमधूनच जोडायचं असतं, असं त्यांना वाटलं असणार.

त्या हबमधून कुठलीही डिस्क रांगतच चालली असती. मोटारीचं पाणी सलाईनच्या नळीतून सोडल्यासारखं.

गरम-थंडचा काही संबंध नव्हता.

मी वायर काढून सरळ सर्व्हरला लावली. उरलेली सगळी कॉपी जेवणाच्या आधी पूर्ण झाली.

एक प्रश्न. फोनवर दहा सेकंद लागले असते.

फोटो सगळे वाचले. एकही गेला नाही. लोक मला म्हणतात, नानांनी जाता जाता गावाची आठवण राखली. मी मान हलवते आणि विषय बदलते.

एवढं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

आईला इतकंच माहीत आहे की, नानांनी मशीनला कूलर लावला आणि स्वतः उकाड्यात बसले. का लावला, ते तिला माहीत नाही. ती म्हणते, त्यांचा स्वभावच तसा.

आणि मग दर वेळी म्हणते, "मी घर ऱ्हाती तं त्यासले तठे बसू देती नही. मी कशाले गऊ शिरपूरले?"

ताईच्या बाळाचा पहिला वाढदिवस झाला. आई गेली नाही. ताईला वाटतं, आईचा तिच्यावर राग आहे.

आईचा राग स्वतःवर आहे. आणि मी वर्षभर तिला तो करू दिला, कारण त्यात माझी सुटका होत होती.

आज वर्षश्राद्ध. पाहुणे जेवून गेले. ताई आली नाही. आई मागच्या अंगणात एकटी बसली आहे.

ताई, तू हे वाचशील. रडू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. संध्याकाळी आईला फोन कर.

नाना, तुमची माफी मागत नाही. तुम्ही लगेच "जाऊ दे माय" म्हणाल, आणि मला ते नको आहे.

तुम्हाला नमस्कार.

हे पोस्ट करते आणि आईजवळ जाऊन बसते. तिला सांगते की कूलर माझ्या सांगण्यावरून लागला होता.