भाऊजींचं शुद्ध लिनक्स

माझी ताई मुद्रितशोधक आहे. छापायला जाणाऱ्या पानांतल्या चुका शोधायच्या, हे काम ती एकोणतीस वर्षं करते आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतात आणि उरलेल्या वेळात जगाला शहाणं करतात.

गेल्या वर्षी त्यांनी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरची फुकट मिळणारी सिस्टिम, शिकायला घेतलं. शिकायला म्हणजे त्यावर बोलायला. विकतची सिस्टिम वापरणारा माणूस गुलाम असतो, हे ते रोज जेवताना सांगत. ताई ताटावरून नजर न उचलता "हं" म्हणायची. एका रविवारी ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तेवढ्यात भाऊजींनी तिच्या लॅपटॉपवरची सिस्टिम पुसून लिनक्स टाकलं. विचारायची गरज त्यांना वाटली नाही. पुसण्याआधी तिच्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या, याचं मात्र त्यांना आजही कौतुक हवं असतं.

"बघ कसा पळतोय!" ते म्हणाले.

पळत होता खरा. फक्त वाय-फाय नव्हतं. वरच्या कोपऱ्यात जिथे नेटवर्कची यादी दिसायची, तिथे काहीच नव्हतं.

"अहो, उद्या मला पानं यायचीत," ताई म्हणाली. प्रकाशकाकडे पुलांच्या इतिहासाचा नऊशे पानांचा ग्रंथ होता. वर्षभर ती त्याची वाट बघत होती. रोज पन्नास पानं मेलने यायची, तपासून संध्याकाळी परत जायची, असं ठरलं होतं.

"दहा मिनिटांचं काम आहे गं."

ती दहा मिनिटं नऊ दिवस चालली. पहिल्या दिवशी दोष राउटरचा होता. भाऊजींनी तो कपाटावर चढवला, मग खिडकीत टांगला. दुसऱ्या दिवशी दोष भिंतीचा. "जुन्या बांधकामात लोखंड फार." याच भिंतीआड त्यांचा स्वतःचा फोन सुखाने व्हिडिओ दाखवत होता, पण असल्या क्षुल्लक पुराव्याने डगमगतील ते भाऊजी कसले! चौथ्या दिवशी त्यांनी लॅपटॉपचं पोट उघडलं, आतल्या नेटवर्क कार्डावर फुंकर मारली आणि परत बंद केलं. एक स्क्रू उरला. "हा जास्तीचाच असतो," म्हणाले. मग लिनक्स पुन्हा टाकलं. सातव्या दिवशी आणखी एकदा.

या काळात ताई रोज पेनड्राइव्ह घेऊन दीड मैल चालत प्रकाशकाच्या कचेरीत जायची आणि पानं घेऊन यायची. आठव्या दिवशी तिथले व्यवस्थापक म्हणाले, "ताई, असं नाही हो जमायचं. उरलेलं काम दुसऱ्यांना दिलंय. तुमचं नेट सुरू झालं की बघू."

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर ती नुसती बसली होती. ताईला मी रिकाम्या हातांनी बसलेली कधी पाहिली नव्हती.

"भांडलीस की नाही त्यांच्याशी?" मी विचारलं.

"भांडून वाय-फाय येतं का?" ती म्हणाली. "त्यांनी कुठेतरी प्रश्न विचारलाय म्हणे. बघू या."

प्रश्न लिनक्सवाल्यांच्या एका चर्चागटावर होता. फोनवर आम्ही तो उघडला. 'माझं नेट चालत नाही. तातडीने सांगा. मी नवशिका नाही.' इतकाच. खाली कुणीतरी सभ्यपणे कॉम्प्युटरला द्यायच्या दोन आज्ञा लिहून दिल्या होत्या: या टाइप करा आणि काय दिसतं ते इथे टाका. त्यावर भाऊजींचं उत्तर: 'मला टायपिंग शिकवू नका.'

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी कचेरीत असताना ताईने माझ्यासमोर त्या दोन आज्ञा दिल्या. पहिलीने मशीनमधल्या सगळ्या भागांची यादी दाखवली. त्यात नेटवर्क कार्ड नाव-गावासकट हजर होतं. म्हणजे कार्ड मेलं नव्हतं. दुसरीने लॅपटॉप सुरू होताना सिस्टिमने केलेल्या नोंदी ओतल्या, हजाराच्या वर ओळी. ताईने चष्मा पुसला, पडद्यावर पट्टी आडवी धरली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मी कंटाळून दोनदा चहा केला.

"ही बघ," ती एकदम म्हणाली.

ओळ स्वच्छ इंग्रजीत होती. कार्ड सापडलं, त्याला चालवणारी फर्मवेअरची फाइल सापडली नाही. फाइलचं नावसुद्धा दिलं होतं. मशीन नऊ दिवस, प्रत्येक वेळी सुरू होताना, हेच सांगत होतं.

पुढचं सोपं होतं. चर्चागटावरच्या जुन्या उत्तरांत ताईला सापडलं की फोन केबलने जोडला तर त्याचं नेट लॅपटॉपला मिळतं, वाय-फाय लागत नाही. तिने तसं केलं, फर्मवेअर उतरवून घेतलं, लॅपटॉप बंद करून सुरू केला. कोपऱ्यात नेटवर्कची यादी उमटली, शेजाऱ्यांच्या नेटवर्कांसकट.

संध्याकाळी भाऊजी आले, पडद्याकडे बघितलं. "आलं ना? मी म्हटलंच होतं, सेट व्हायला वेळ लागतो."

"अहो, लिनक्स टाकताना त्याने विचारलं होतं का, फर्मवेअर घालू का म्हणून?"

"विचारतं ते. मी 'नाही' दाबतो. त्याचा कोड बंदिस्त असतो, कंपनी कुणाला दाखवत नाही. आपल्याला शुद्ध सिस्टिम हवी."

"तिन्ही वेळा?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

"आणि फर्मवेअर म्हणजे काय असतं?"

भाऊजी पाणी प्यायले. मग मोजे काढायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ताईने त्यांच्या नावानिशी टाकलेल्या प्रश्नाखालीच उत्तर लिहिलं: 'अडचण सुटली. तुम्ही दिलेल्या आज्ञांमुळेच सुटली, आभार. प्रश्न विचारणाऱ्याने वाचलं नव्हतं. – त्यांची बायको.' चार दिवसांनी ते भाऊजींच्या कचेरीतल्या कुणीतरी वाचलं आणि टेबलाटेबलांवर पोचवलं. भाऊजी आठवडाभर घरात मुके होते. ताई म्हणते, वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा.

पुलांचा ग्रंथ मात्र तिला परत मिळाला नाही. तो छापून आला तेव्हा मी एक प्रत तिच्यासाठी आणली. तिने अर्पणपत्रिका वाचली, प्रस्तावना वाचली, मग दुसऱ्यांनी तपासलेला भाग उघडला आणि सहाशे अकराव्या पानावरच्या एका चुकीपाशी थांबली. पेन्सिल उचलली, खाली ठेवली. मग पुस्तक मिटून मला परत दिलं आणि म्हणाली, "घेऊन जा बाई हे. माझ्याने नाही बघवत."