वेसाव्याच्या समुद्रात एक खुंट शोधताना

लोक सुट्टी काढून महाबळेश्वरला जातात आणि परतल्यावर धुक्याचे वर्णन लिहितात. मी अंधेरीहून वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, गेलो. बसने फार वेळ लागत नाही, त्यामुळे याला प्रवास म्हणावे की नाही, याबद्दल आमच्या घरातच दुमत आहे. पण इतकी वर्षे मी समुद्र पाहिला तो जुहूच्या वाळूत बसून, हातात भेळ घेऊन. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या होड्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मासेमारीला निघतात, आणि त्यांतल्या एका होडीत यंदा मी असणार होतो. बसमध्ये मला एका जागी बसवेना.

आमंत्रण हिराबाईंचे होते. त्या आमच्या दारी मासळी विकायला येतात आणि "ताजी आहे ना?" या माझ्या प्रश्नाने दरवेळी दुखावतात. एकदा वैतागून म्हणाल्या, "भाऊ, तुमी आमच्या होडीतच बसा. मंग मला इचारू नका."

पौर्णिमेला दुपारी पोचलो. होड्यांना नवा रंग, पताका, झेंडूच्या माळा. किनाऱ्यावर एक भलामोठा पांढराशुभ्र मंडप घातला होता, तो शहरातून आलेल्या प्रमुख पाहुण्यांसाठी. पाहुणे समुद्राच्या थोरवीवर पुष्कळ बोलले. समुद्र त्यांच्या पाठीमागेच होता, पण त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही. मग सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यांनी पाण्यात टाकला. लाटेने तो परत आणून त्यांच्या बुटांपाशी ठेवला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. माझ्या मागची एक कोळीण शेजारणीला म्हणाली, "दर्याला भाषान आवडलं नाय वाटतं."

संध्याकाळी हिराबाईंकडे नारळीभात जेवलो. त्यांचे यजमान दामू नाखवा (होडीचा मालक आणि कप्तान) हे खांद्यांनी रुंद, बोलण्याने त्याहून रुंद. त्यांनी मला सारी व्यवस्था सांगितली. इथले जाळे म्हणजे डोल (लांबलचक पिशवीसारखे जाळे). ते समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटाला बांधायचे आणि तोंड प्रवाहाकडे ठेवायचे. बाकी काम प्रवाह करतो. पावसाळ्यात दोर काढून घेतात, खुंट तेवढा पाण्याखाली राहतो. गावचा रिवाज असा, की पहिल्या दिवशी ज्याचे जाळे आपल्या खुंटाला लागणार नाही, त्याची जागा हंगामभर दुसऱ्याने घ्यावी. दामूंची जागा त्यांच्या आजोबांपासूनची, बोंबलांच्या अगदी वाटेवरची. त्यांचा चुलतभाऊ पांडू तिच्यावर टपून होता.

मी विचारले, एवढ्या समुद्रात बुडालेला खुंट सापडतो कसा? दामू हसले. गावातले पांढरे देऊळ मागच्या डोंगराच्या खाचेखाली आले, आणि खाडीपलीकडच्या मढच्या बाजूचा खडक आपल्या जागी दिसला, की खाली खुंट. "डोळे बांधून नेलं तरी सापडंल मला," ते म्हणाले. डोळे बांधल्यावर देऊळ कसे दिसणार, हे मी विचारले नाही. मी पाहुणा होतो.

पहाटे ओहोटीबरोबर निघालो. होडीत दामू, हिराबाईंचा भाऊ किसन, दोन खलाशी आणि मी. शीड फुगले, होडी कलली, हात बुडवून पाहिला तर पाणी कोमट होते. आजूबाजूला सगळ्या गावाच्या होड्या एकमेकींशी शर्यत लावत होत्या आणि मी उगाचच मोठ्याने हसत होतो. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मी आनंदाने खाल्ली. उघड्या समुद्रात आल्यावर ती तातडीने समुद्रात परत गेली.

ओहोटी सरून भरती लागण्यापूर्वी पाणी थोडा वेळ थबकते. जाळे बांधायचे ते तेवढ्या वेळातच. दामूंनी देऊळ खाचेखाली आणले, शीड उतरवले आणि दोराला बांधलेला लोखंडी गळ तळाशी सोडला. खलाशी वल्ही मारू लागले. गळ खुंटाला अडकायला हवा होता. अडकला नाही. पुन्हा फिरलो. नाही. दामूंचे बोलणे कमी कमी होत थांबले. आपले जाळे बांधून मोकळा झालेला पांडू जवळ येऊन संथ घिरट्या घालू लागला.

"दामूदादा, तवर आंघोळ करून घे," तो म्हणाला.

किसनने दात ओठ खाल्ले. जागा गेली तर हंगामभर कुठल्यातरी रिकाम्या पाण्यात जाळे टाकायचे, हे होडीत सगळ्यांना ठाऊक होते. मी तोवर होडीच्या काठावर मान टाकून किनाऱ्याकडे बघत आडवा पडलो होतो. सूर्य गावामागून वर येत होता, आणि त्या उजेडात मला देवळाचा डावा कोपरा खचताना दिसला.

"नाखवा, देऊळ खाली बसतंय," मी म्हणालो.

"सायबांना पाणी दे रं," दामू न बघताच म्हणाले.

मग उजवा कोपराही खचला. देवळाची घडी झाली आणि चार माणसे ती खांद्यावर घेऊन चालू लागली. किसन ताडकन उभा राहिला. "भावोजी, तो मंडप हाय. पावन्याचा मंडप!"

खरे देऊळ डावीकडे, माडांच्या सावलीत, पावसाने काळवंडून उभे होते. समारंभाच्या तयारीत त्याला चुना लावायचा राहून गेला होता. मग सगळे एकदम वल्ह्यांवर तुटून पडले. मीही एक धरले आणि बहुधा उलटे मारले. देऊळ सरकत सरकत खाचेखाली आले. पाणी हलू लागले होते. गळ सोडला, ओढला, आणि दोर असा ताठ झाला की होडी गर्रकन फिरली. एक खलाशी दोर धरून पाण्यात उतरला. जाळे बांधून होते न होते तोच भरतीने त्याचे तोंड उघडले. पांडूने मुकाट्याने शीड चढवले.

दुपारी भरती थांबली तेव्हा आम्ही डोल वर ओढला. बोंबील, मांदेली, करंदी. चमचमणारे, थरथरणारे ढीग माझ्या गुडघ्यांपर्यंत आले. उलटीचा मला पूर्ण विसर पडला.

परतताना किनारा दिसू लागला, आणि दामूंनी कपाळावर हात मारला. पांडू आधीच पोचला होता. मंडपाच्या जागी त्याने दोन-चार जणांच्या हातांत एक पांढरी चादर ताणून उभी केली होती, आम्हाला वाट सापडावी म्हणून. सगळे गाव हसत होते. जवळ गेल्यावर दिसले, की चादरीचे एक टोक हिराबाईंच्या हातात आहे.

त्या मात्र हसत नव्हत्या. टोक तसेच धरून त्यांनी विचारले, "खुंट गावला?"

दामूंनी पाटीतला सर्वांत मोठा बोंबील उचलून उंच धरला. हिराबाईंनी हातातले टोक सोडले, चादर वाऱ्याने पांडूच्या तोंडावर गेली, आणि त्या लुगडे भिजवत थेट होडीपाशी आल्या.

मी आजवर पुष्कळ समारंभ पाहिले आहेत. समारंभ आटोपल्याचा इतका रोख फायदा कोणाला झालेला मात्र मी वेसाव्यालाच पाहिला. परतीच्या बसमध्ये मी त्याच मासळी लागलेल्या कपड्यांत बसलो; माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.