बोरखेडीचा सांगावा

तानबाला पितळ घासता येत असे. हे सांगायला एक ओळ पुरते, करायला अर्धा दिवस लागतो. आधी राख, मग चिंच, मग कोरडं फडकं, आणि हात भरून आल्यावर आणखी एकदा फडकं. शेवटचं ते एकदा बहुतेक लोक सोडून देतात. तानबा सोडत नसे. पुढचं सगळं त्यातून झालं.

तो देवळीजवळचा. लढाईत महार पलटणीतून ब्रह्मदेशात गेला. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि तिकडच्या एका बंदरावर आपल्या सरकारची कचेरी उघडली, तेव्हा जुन्या साहेबाच्या चिठ्ठीवर तिथे फरास म्हणून लागला. झाडायचं, पुसायचं, खुर्च्या लावायच्या, सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. गावी बायको कमलाबाई आणि थोरला भाऊ कवडू. दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टी मिळे.

छप्पन सालच्या जानेवारीत तार आली. दिल्लीचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. परदेशातल्या अशा कितीतरी कचेऱ्या त्यांच्या हाताखाली होत्या. मोठे कारकून प्रभाकरराव नागपूरचे. त्यांनी तानबाला बोलावलं.

"तानबा, फरशीत साहेबाले आपलं तोंड दिसलं पाहिजे."

"तोंड चांगलं असंल तर दिसंल, साहेब."

"आणि पितळ! कचेरीतलं एकही पितळ काळं नको."

तानबाने दाराच्या मुठी घासल्या, पाटी घासली, झेंड्याच्या काठीचा गोळा शिडी लावून घासला. मग मागच्या खोलीतलं कपाट उरलं.

त्या कपाटात मेलेल्यांचं सामान होतं. तिकडे पोट भरायला गेलेली, तिकडेच मेलेली आणि मागे कोणी न विचारलेली आपली माणसं. कोणाची पेटी, कोणाचा चष्मा, कोणाचं गाठोडं. तीन वर्षं तानबा ते कपाट बाहेरून पुसत आला होता. दुपारी कचेरी जेवायला उठली की त्याची ती खोली झाडायची पाळी. झाडताना पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटे. वळून पाहिलं की कपाट. एकदा तर पाणी मागितल्यासारखा घसा खाकरलेला त्याने स्पष्ट ऐकला. त्याने कोणाला सांगितलं नाही. पलटणीतला माणूस, हसले असते.

"बाहेरून पुसलं तरी चालते," प्रभाकरराव म्हणाले.

"पितळ आत असंल तर?" म्हणत तानबाने कपाट उघडलं.

आत, एका पत्र्याच्या पेटीत, काळाठिक्कर पडलेला तांब्या होता. तानबाने तो राखेने घासला, चिंचेने घासला. काठाखाली बोटाला ठिपके लागले. भांड्यावर ठोकून घातलेलं नाव. तानबाला वाचता येत नव्हतं. त्याने शेवटचं एकदा फडकं मारलं आणि तांब्या पेटीत जसा होता तसा ठेवला. पेटीचं झाकण मात्र गंजलं होतं, ते नीट बसलं नाही.

मोठे साहेब आले. उंच, वाळकेसे, कमी बोलणारे. हार घेतला नाही, चहा उभ्याने घेतला. सगळ्या खोल्या पाहिल्या. मागच्या खोलीत आल्यावर म्हणाले, "हे उघडा."

गंजाच्या त्या ढिगात एकच वस्तू चमकत होती. साहेबांनी तांब्या उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्याने वाचलं, "सौ. सीताबाई. मुक्काम बोरखेडी, जामजवळ. जिल्हा वर्धा." मग पेटीवरची चिठ्ठी पाहिली. "वासुदेव, कापसाच्या जिनातला मिस्त्री. आईचं नाव सीताबाई. तापाने मेला, त्रेपन्न साली. घरी कळवलं होतं का?"

प्रभाकरराव म्हणाले, "तार केली होती साहेब. त्याच्या कागदावर गाव नुसतं बोरखेडी, वर्धा होतं. त्या जिल्ह्यात बोरखेड्या पुष्कळ. तार परत आली."

"आणि पत्ता तीन वर्षं इथेच होता."

तानबाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तीन वर्षं हा हात त्या नावावरून, एका फळीच्या अंतरावरून, रोज फिरत होता.

"हा कोणी घासला?"

"मी, साहेब."

"तुम कहाँ के हो?"

"वर्धा जिल्हा, हुजूर. देवळी."

साहेबांनी तांब्या हातात फिरवला. मग हिंदीतच म्हणाले, "अशा कागदांवर मी शेकड्याने सह्या केल्या. तोंडाने कोणाला सांगायची पाळी आली नाही. तू सुट्टीवर जाशील तेव्हा सांगशील?" आणि तांब्या पुढे केला.

तानबाने दोन्ही हातांनी घेतला. "जी हुजूर."

साहेबांनी मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का मारून दिला आणि पुढच्या खोलीत गेले. त्यांच्या लेखी काम झालं होतं. तानबाचा मात्र घसा त्याच क्षणी कोरडा पडला.

त्याचा बाप गावचा महार. गावात कोणी मेलं की सोयऱ्यांच्या गावोगाव सांगावा न्यायचं काम त्याचं. हातात घुंगरांची काठी, पायात असेल तर वहाण. परक्याच्या अंगणात उकिरड्याच्या कडेला उभं राहून सांगायचं, सूपभर जवारी पदरात घ्यायची आणि परतायचं. बाप म्हणायचा, "सांगावा घेतला का मंधात पाणी प्यायचं नाई. मेलेल्याची तहान आपल्या घशात बसते."

समुद्र मध्ये असताना पाणी न पिता कोण राहील? तानबा प्यायला. दहा महिने प्यायला, पण एकही घोट घशाखाली उतरल्यासारखा वाटला नाही. झाडताना कानात घुंगरं वाजत. तांब्या उशाशी असे. त्यातून मात्र तो कधी प्यायला नाही.

नोव्हेंबरात सुट्टी मिळाली. बोट, मग रेल्वे, मग देवळीची मोटार. घरात पाऊल टाकलं तर भिंतीवरचे देव गेलेले. मागच्याच महिन्यात सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. कमलाबाई पांढरं लुगडं नेसली होती. तिच्या चेहऱ्यावर आधी कधी न पाहिलेला ताठा होता.

"काठी कुठी हाये बाची?" तानबाने विचारलं.

"विहिरीत," कवडू म्हणाला. "मीच टाकली. ढोरं वाहणं बंद, सांगावा नेणं बंद. जो नेईन त्याच्या घरी कोणी बसणार नाई, असं ठरलं हाये."

तानबाने तांब्या पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. कवडू ऐकत गेला तसा त्याचा चेहरा कठीण झाला.

"काऊन रे? गावाचं मरण वाहणं सोडलं आमी, अन् तू साता समुद्रापल्याडचं घेऊन आला? त्या साहेबाले दुसरा कोणी भेटला नाई?"

"त्याले माही जात कुठी ठाऊक?"

"तुले तं ठाऊक होती!"

कमलाबाई चुलीपुढून बोलली, "भाऊजी, गावानं पाठवलं का यांले? माय हाये ते तिकडं. लेकाची वाट पाहून राह्यली असंन."

"जा म्हणा मंग," कवडू उठला. "पण तिथं जाऊन उकिरड्यापाशी उभा राह्यला, तं मले भाऊ म्हणजो नको."

दुसऱ्या दिवशी तानबाने कचेरीचा कोट घातला. पितळेच्या गुंड्या पहाटेच घासल्या. पाणी प्यायला नाही. मोटारीने जामला उतरला आणि तिथून दोन कोस पायी निघाला. कापूस फुटला होता. ऊन नोव्हेंबराचं, पण चालणाऱ्याला लागणारं. वाटेत काय बोलायचं ते तो घोकत होता: सरकारी कचेरीतून आलो, वासुदेव मिस्त्रींच्या घरी काम आहे. पाऊल पडलं की घुंगरू वाजे. तो थांबला की तेही थांबे.

बोरखेडीत भर दुपार. घर दाखवणाऱ्याने कोट पाहून "साहेब" म्हटलं. अंगणात एक म्हातारी चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पराट्या मोडत बसली होती. तीच सीताबाई.

तानबाचे पाय आपोआप थांबले. खाली पाहिलं तर उकिरड्याची कड. घोकलेलं काहीच तोंडातून आलं नाही. बापाचा आवाज आला.

"माय, सांगावा हाये."

म्हातारीच्या हातातली पराटी मोडायची राहिली. सांगावा म्हणणारा कोण, तो कुठे उभा असतो, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिने कोट पाहिला, गुंड्या पाहिल्या, मग त्याच्या हातातला तांब्या पाहिला.

"वासुदेव," ती म्हणाली.

"हो माय. तीन वर्षं झाली. तापानं."

ती रडली नाही. बऱ्याच वेळाने उठली, आत गेली आणि सूपभर जवारी घेऊन आली. रीत तिच्या हाताला ठाऊक होती.

"जवारी नको, माय," तानबा म्हणाला. "मले तुमच्या ओट्यावर बसून बाकीचं सांगायचं हाये."

आणि तो निघाला. उकिरड्यापासून ओटा तीन पावलं. तानबाने पलटणीत दारूगोळ्याच्या पेट्या डोंगरावर चढवल्या होत्या. त्या तीन पावलांना त्याहून जास्त जोर लागला. तो ओट्यावर टेकला. म्हातारी सूप घेऊन तशीच उभी. मग तिने सूप खाली ठेवलं.

त्याने सांगितलं. कपाट, साहेब, दाखला. तिने हात पुढे केला आणि त्याच्या हातातून तांब्या घेतला. पाणी न शिंपडता, न धुता. अंगठा नावावरून फिरवला.

"लेकाले जाताना देल्ला होता. म्हटलं, परक्याच्या भांड्यानं पाणी पिजो नको." मग अंगणाकडे पाहत हळूच म्हणाली, "रोज याच वक्ती कोणी येते बाप्पा. तिथं उभं राह्यते, तू होता तिथं. पाणी मागते. मी म्हणो, असंन कोणी वाटसरू. उठून पाहो तं कोणीच नाई."

कपाटापाशी खाकरलेला घसा तानबाला आठवला. तो म्हणाला, "माय, मले तहान लागली."

म्हातारीने रांजणातून तांब्या भरला. क्षणभर थांबली. वरून ओतायची सवय हातात होती. मग तिने तांब्या त्याच्या हातात दिला. तानबा अर्धा प्यायला. दहा महिन्यांत पहिल्यांदा पाणी घशाखाली गेलं. उरलेला अर्धा तांब्या तिने घेतला, उकिरड्याच्या कडेपर्यंत चालत गेली आणि तिथे मातीत ओतला.

घरी पोचला तर कवडू दारातच बसला होता.

"जवारी घेतली?"

"नाई."

"बसून सांगितलं का उभ्यानं?"

तानबाला खोटं बोलता आलं असतं. "पह्यले उभ्यानं. उकिरड्यापाशीच. पाय तिथंच थांबले. मंग ओट्यावर जाऊन बसलो."

कवडू कितीतरी वेळ विहिरीकडे पाहत राहिला.

"माहेही पाय थांबते कधी कधी," तो म्हणाला, आणि तानबाला बसायला जागा करून सरकला.