मर्डर मावशी

"बोट! तुझं चौथं बोट कुठाय? टेकव! टेकव म्हणते ना! अधांतरी हात ठेवून काम करायला ही काय सर्कस आहे?"

हे ओरडणं माझ्यासाठी होतं. समोरच्या खुर्चीत पेशंट म्हणून एक प्लॅस्टिकचं डोकं बसवलेलं होतं, आणि शपथेवर सांगते, त्या आवाजाने त्या डोक्याचाही जबडा मिटला. खिडकीबाहेरची वायकाटो नदीही क्षणभर थबकली असणार, पण ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही. उगाच खोटं कशाला बोला.

किवींच्या देशातल्या हॅमिल्टनच्या कॉलेजात डेंटल हायजिनिस्टच्या कोर्सचा तो माझा पहिला आठवडा. दातांवरचं कीटण खरवडायचं आकड्यासारखं हत्यार हातात धरलं, की त्याच हाताची अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची. बोट टेकलेलं असलं की पेशंट शिंकला, हलला, किंचाळला तरी आपला हात त्याच्या तोंडाबरोबर हलतो आणि टोक हिरडीत घुसत नाही. एवढीच विद्या. पण ती शिकवणारी बाई अशी होती, की मला झोपेतसुद्धा अनामिका टेकवायची सवय लागली. नवरा म्हणायचा, "अगं, माझ्या नाकावरून हात काढ."

त्या बाईला 'मर्डर' हे नाव गावाने दिलेलं, 'मावशी' हे मी, नातं काही नसताना. पूर्वी इथल्या शाळांच्या आवारात दातांचा एक छोटा दवाखाना असायचा आणि पोरं त्याला सरळ 'मर्डर हाउस' म्हणायची. वर्गाच्या दारात पांढऱ्या कपड्यातली नर्स येऊन एक नाव पुकारायची, आणि ज्याचं नाव यायचं त्याच्याकडे बाकीचे असे बघायचे जसं काही त्याचं दप्तर आता वाटून घ्यायचंय. आमच्या मावशीने ऐन तरुणपणात ती नोकरी केली होती. त्यामुळे पन्नाशीच्या पुढचं अर्धं हॅमिल्टन तिला तोंड उघडून ओळखत होतं, आणि तोंड मिटून टाळत होतं.

एकदा तिच्याबरोबर सुपरमार्केटात गेले होते. समोरून दरवाजाएवढ्या खांद्यांचा एक माणूस ट्रॉली ढकलत आला. मावशी दिसताच त्याचा हात गालावर गेला, आणि ट्रॉलीतला टॉफीचा पुडा त्याने हळूच टॉयलेट पेपरच्या फळीवर ठेवून दिला.

"कसा आहेस, ब्रायन? खालची डावी दाढ काय म्हणते?"

"स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं ब्रायन ओठ न हलवता म्हणाला, आणि दूध न घेताच गेला. बिचाऱ्याच्या घरी त्या दिवशी काळा चहा झाला असेल.

आम्ही तिथे गेलो होतो अंडी घ्यायला. मावशीची पद्धत अशी, की माणसाच्या दाताला हात लावण्याआधी कच्च्या अंड्यावर नेलपॉलिशचे थर चढवायचे, ते वाळवायचे, आणि मग हत्याराने असे खरवडायचे की अंड्याला तडा जाता कामा नये. माझ्या हातून इतकी अंडी फुटली की वायकाटोकाठच्या कोंबड्यांनी मोर्चा काढायचा तेवढा बाकी राहिला. अंडं फुटलं की मावशी ओरडायची नाही. नुसती त्या बलकाकडे बघायची आणि म्हणायची, "हे कोणाचं तरी तोंड होतं." त्यापेक्षा ओरडणं परवडलं.

तिची आणखी एक खोड. "घाबरू नका" हे शब्द तिच्या क्लिनिकात कोणी उच्चारायचे नाहीत. एका मुलीने पेशंटला तसं म्हटलं, तर मावशी तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तू त्यांच्या तोंडात लोखंड घालणार आहेस. त्यांना भीती वाटणारच. तुला वाटत नसेल तर तू घरी जा." मला घरी जायची गरजच नव्हती. मी रोज सकाळी गाडी पार्क करून आत बसून राहायची आणि भीती जायची वाट बघायची. ती कधी गेली नाही. मी तिला घेऊनच आत जायची.

शेवटच्या परीक्षेचा नियम असा, की पेशंट ज्याचा त्याने आणायचा, आणि त्याच्या दातांवर जुनं, टणक, भरपूर कीटण हवं. लोक मुलीसाठी स्थळं शोधतात तशी आम्ही तोंडं शोधत हिंडायचो. गणपतीच्या आरतीला मराठी मंडळी हॉलमध्ये जमली की सगळे देवाकडे बघायचे आणि मी सगळ्यांच्या खालच्या दातांकडे. 'सुखकर्ता'च्या पहिल्याच कडव्याला मला बापटकाका सापडले. सांगलीहून मुलाकडे राहायला आलेले, जन्मभर सुपारी आणि चहा. त्यांच्या दातांमागे जे होतं त्याला कीटण म्हणणं म्हणजे सह्याद्रीला उंचवटा म्हणणं. माझ्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. काकांना वाटलं, भक्तीने.

काका कबूल झाले, पण घाबरत घाबरत. "दुखेल का गं?" हे त्यांनी फोनवर इतक्यांदा विचारलं की शेवटी मीच घाबरले. कारण या परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात माझा हात गोठला होता आणि मी नापास झाले होते. ही दुसरी आणि त्या वर्षातली अखेरची संधी. ही गेली तर सहा महिने पुन्हा तेच वर्ग, तीच अंडी. बरोबरच्या मुली पांढरे कोट घालून नोकरीला लागणार, आणि मी प्लॅस्टिकच्या डोक्याशी गप्पा मारत बसणार.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते, ख्राइस्टचर्चहून. शांत, सभ्य गृहस्थ. मावशी भिंतीला टेकून उभी होती. परीक्षा चालू असताना तिने एक शब्द बोलायचा नाही, असा नियम. वर्षभर जिच्या आवाजाने दचकलो ती बाई गप्प उभी आहे, हे दृश्य तुम्हाला सांगून कळणार नाही. भोंगा वाजायचा थांबला की गाव जसं जास्त घाबरतं, तसं.

काका खुर्चीत बसले, खुर्ची मागे झुकली, त्यांनी तोंड उघडलं, आणि सगळ्या खोलीत लवंगेचा वास पसरला.

"काका, हे काय लावलंय?"

"लवंगेचं तेल," काका बोबड्या आवाजात म्हणाले. "रात्री कापूस भिजवून ठेवला होता, पहाटे उठून पुन्हा ठेवला. सगळं बधिर झालंय बघ. मी हललो आणि तुझे मार्क गेले असं नको व्हायला, पोरी. आता खुशाल खरवड, मला कळणारसुद्धा नाही."

मी आरसा आत घातला. खालची सगळी हिरडी पांढरी पडली होती. भाजलेल्या कातडीसारखी, कडेने सुटत आलेली. लवंगेचं तेल दुखऱ्या दाताला थेंबभर लावतात. काकांनी त्यात रात्र काढली होती, तीही माझ्यासाठी. आणि परीक्षकांनी नेमून दिलेले दात नेमके खालचेच.

"चालू करा," परीक्षक म्हणाले. ते त्यांच्या जागेवरून घड्याळ बघत होते. तोंडात ते काम संपल्यावरच बघणार, आणि तेव्हाही दातांवर कीटण राहिलंय का तेवढंच.

मी हत्यार उचललं. अनामिका टेकवली. आणि आश्चर्य म्हणजे हात बिलकूल थरथरत नव्हता. दगडासारखा स्थिर. वर्षभरात पहिल्यांदा. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. भिंतीलाही थोडाफार भाव असतो, तेवढाही नाही.

टोक हिरडीच्या कडेशी नेलं. ती पांढरी साय किंचित हलली. काकांना आत्ता कळणार नव्हतं. संध्याकाळी, बधिरपणा उतरल्यावर, वरणभाताचा पहिला घास घेताना कळलं असतं. हात मात्र तयार होता. मला भीती वाटली ती त्या हाताची.

मी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. "आज यांच्यावर काम करता येणार नाही," मी म्हणाले.

"अगं, कर की!" काका उठून बसले. "मला काही होत नाहीये! तुझं वर्ष..."

परीक्षकांनी येऊन पाहिलं, मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काम नाही, तर मार्क नाहीत. मावशी भिंतीपासून निघाली, काकांना ग्लासभर गार पाणी दिलं, गुळणी करायला लावली. मला म्हणाली, "सोमवारी ये. अंडी घेऊन ये." बस्स. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून जे रडले, त्यात नदीची पातळी वाढली असेल तर नवल नाही.

ते सहा महिने मी काढले. बरोबरच्या मुली गेल्या. एक पामर्स्टन नॉर्थ गावात नोकरीला लागली, तिथून पांढऱ्या कोटातले फोटो पाठवायची. मावशी पहिल्यापेक्षा जास्त ओरडायची. काकांची हिरडी बरी झाली, काका स्वतःहून परत आले, या वेळी फक्त चहा पिऊन. मी पास झाले. सगळ्यांना सांगत फिरले, की तत्त्वासाठी सहा महिने घालवले. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, मलाही वाटतं.

पुढे मावशी निवृत्त झाली आणि बहिणीजवळ राहायला समुद्राकडे निघाली. निरोपाच्या चहाला प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं होतं. मी शंकरपाळे नेले. ते जरा कडक झाले होते; मावशीने एक दाताखाली धरून बघितला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि कपात बुडवला. गर्दी पांगल्यावर मी तिच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या दिवसांत विचारायचा धीर झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला.

"त्या परीक्षेत काकांची हिरडी तुम्हाला दिसली होती?"

"वासच आला होता."

"मग मी थांबले नसते तर काय झालं असतं?"

मावशीने कपातला शंकरपाळा चमच्याने वर काढला, मऊ झालाय का ते बघितलं.

"पास झाली असतीस," ती म्हणाली.