चौकच्या आजीला मी गप्प बसवलं

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मीरा रोडला राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. कथाकथनाचे माझे दोन कार्यक्रम सपशेल पडले होते. तिसराही पडला तर गोष्टींची वही कायमची बंद, असं नवऱ्याला सांगूनच चौक नावाच्या कोळीवाड्याला निघाले.

तुम्ही जाणार असाल तर भाईंदर पश्चिमेहून बस घ्या आणि वेळेवर विश्वास ठेवू नका. आमची तासभर आलीच नाही. आली ती खच्चून भरलेली, त्यात कंडक्टरचं "मॅडम, आगे सरको." कुठे सरकू, ड्रायव्हरच्या मांडीवर? उतरले तेव्हा डोकं फिरलेलं होतं. बांबूंवर बोंबील वाळत होते, पलीकडे समुद्र. मला कशाचंच कौतुक वाटेना.

कार्यक्रम ठरवणाऱ्या रोझीबाईंनी आधी जेवू घातलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण, खावं तर तिथेच. मग त्यांच्या अंगणात पन्नासेक बायका जमल्या.

"एका बाईचा नवरा होडी घेऊन गेला," मी सुरुवात केली.

"हां," पुढ्यातली आजी म्हणाली.

"तीन दिवस झाले, तो आला नाही."

"न्हाय आला. मंग?" तिच्यामागून दहाजणी, "मंग?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजी, गोष्ट ऐकायची असेल तर गप्प बसा."

बसल्या की. सगळ्याच. मी वाक्यावर वाक्य ढकलत राहिले. अर्ध्यात एक उठली, मग चार. गोष्टीतला नवरा परत येईपर्यंत रोझीबाई आणि आजी, दोघीच उरल्या होत्या.

"बाय, आमच्यात हुंकाराबिगर गोष्ट पुढं जात न्हाय," रोझीबाई म्हणाल्या. "तूच बंद केलास, मंग त्या कशाला बसतील?" खोटं कशाला सांगू, तेव्हाही मला रागच आला.

घरी येऊन नवऱ्यापुढे सगळं ओकले. बस, कंडक्टर, आजी. तो मटार सोलत "हं, मग?" म्हणत होता आणि मी वहीशिवाय, न अडखळता सांगत होते.

"हं. मग?"

मग काय, हेच तर आजी म्हणत होती. माझी आईसुद्धा हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची, "झोपलीस का गं?" विचारायची. जन्मापासून माहीत असलेलं मी सभागृहाच्या शिस्तीपायी विसरले. मूर्ख बाई.

वही बंद केली नाही. आता आधीच सांगते, हुंकार द्या, आणि लोक देतात. पण आजीची माफी मागायला मी पुन्हा चौकला गेले नाही. कुणी विचारलंच तर सांगते, बस वेळेवर येत नाही.